मामांचा दम, धनराजचं पेडल

आमचे हे, म्हणजे धनराज, एरवी अंबडच्या कंपनीत लेथवर आणि लग्नसराईत बँजो पार्टीत गिटारवर. लहानपणी त्यांना सावळीराममामांनी, सख्ख्या मामांनी, पिपाणी शिकवली होती. यांनी ती सोडून गिटार धरली, तेव्हापासून मामा यांच्याशी धड बोलत नव्हते.

वणीजवळच्या त्यांच्या गावात आधी मामांची पिपाणी देवीला बोलावणार, मगच नवरीला हळद लागणार. यंदा मामांच्याच नातीचं, पूजाचं लग्न; आणि मामांना दम्यानं चार पावलं टाकवेनात. फुंकणार काय, कपाळ! "माझ्या दारात दुसऱ्याची पिपाणी वाजायची नाय," म्हणाले आणि खोलीत जाऊन बसले.

तर यांनी काय करावं? सिंथेसायझरचं पेडल आणलं, पायानं दाबायचा बटणांचा डबा. गिटारची वायर त्यात घातली की म्हणे तारेतून मामांसारखी पिपाणी निघते.

"अहो, असं कुठं असतं का?"

"तुला नाही कळणार."

बरं बाई, नाही कळणार. पण यांना तरी कुठं कळत होतं! आठ दिवस घरात कधी बेडूक, कधी शेळी, मध्येच जीपचा हॉर्न. सगळी बटणं पिळून झाली. मला तर हेच कळेना की बिघडलंय काय, पेडल की नवरा.

हळदीच्या दिवशी मांडवातही तेच. पूजा पाटावर, हळद वाटीत आणि स्पीकरमधून शेळी. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात भिंत धरत मामा बाहेर आले. आता आम्हाला डब्यासकट हाकलणार, असंच वाटलं मला. पण ते यांच्याजवळ बसले आणि वायरी न्याहाळू लागले.

"गिटारची वायर आधी ह्या दुसऱ्या डब्यात का रं घातली?"

"इको आहे मामा तो, आवाज घुमवणारा. आमच्या पार्टीत कुठलंही वाद्य आधी इकोतच घालतात."

"म्हंजे सूर धरायच्या आधीच घुमवतो? एका सुराचे दहा झाले, त्या पिपाणीच्या डब्यानं कोणता धरावा? आधी त्याला कोरा सूर दे. एका टायमाला एकच. मग घुमव काय घुमवायचं ते."

यांनी वायरी बदलल्या. आधी पेडल, मग इको. एकच तार छेडली आणि अगं बाई, पिपाणी! अगदी मामांची. मामांचे गाल आपोआप फुगले, बोटं गुडघ्यावर चालायला लागली. पण पाचव्या-सहाव्या सुरालाच त्यांना खोकला आला. गिटार आपली पुढंच चाललेली.

मामांनी यांचा हात धरला. "दम कुठं घेतो रं तू?"

हे गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. गिटारला कसला दम!

मग यांनी मामांच्या गालांकडं बघत पुन्हा सुरुवात केली. मामांचा दम तुटला की यांचं बोट तारेवरून उठायचं. तीन सूर, थांबा. दोन सूर, थांबा. देवीला बोलावणं इतकं तुटत तुटत मी कधी ऐकलं नव्हतं. आता कुणी हसलं नाही. ते पुरं झालं आणि पूजाला हळद लागली.

गावात अजून विचारतात, पूजाच्या हळदीला वाजवलं कुणी? हे म्हणतात मामांनी. मामा म्हणतात धनराजनं. मी दोघांच्या शेजारीच उभी होते, पण खरं सांगू? मलाही सांगता येत नाही.