पडद्यामागची शिंक

हर्सूलच्या तळ्याकाठी आमच्या घरी शेजारचे गृहस्थ रोज येतात. ‘बसत नाय, निघालोच’ म्हणतात आणि दोन तास बसतात. थंडी सरताना एका रविवारी आम्हा निवृत्त नवरा-बायकोला निवांतपणा हवा होता. म्हणून एकेकाळी बँकेत साहेब असलेला मी दार आतून लावून पडद्यामागे लपलो. बायको हसू दाबत होती.

शेजाऱ्यांनी कडी वाजवली, हाका मारल्या. मग त्यांचा आवाज कापरा झाला.

“वहिनी, सगळं ठीक हाय ना? दार फोडू का?”

नेमकी मला शिंक आली.

“हायेत! दोघं बरे हायेत!” ते स्वतःशीच म्हणाले आणि खुशीत फाटकाकडे वळले.

बायकोनं उठून चहाचं आधण ठेवलं. मी अनवाणीच “अहो, चहा!” असं ओरडत त्यांच्यामागं धावलो.