काळ्या रंगाचं मॅचिंग

काळ्या रंगाचे प्रकार किती, हे माझ्या वर्गमित्राच्या आत्यांना जेवढं कळतं तेवढं जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत मिळून कुणाला कळत नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने पुढे वाचायची तसदी घेऊ नये. मी पत्रकं लिहून वाढलेला माणूस आहे. गुळमुळीत बोलणं मला शिकवलेलंच नाही. भुताखेतांवर, लांब नखांच्या फिकट सरदारांवर, पडक्या किल्ल्यांतल्या रडणाऱ्या बायांवर ज्यांचा जीव आहे, आणि एक संपलं की ‘असलंच अजून काय बघू?’ म्हणत जे दारोदार फिरतात, त्यांच्यासाठी आत्यांसारखा सल्लागार झाला नाही. होईल असंही मला वाटत नाही.

आत्यांचं ओतूरच्या बाजारपेठेत मॅचिंग सेंटर होतं. साडी घेऊन जायची आणि तिला जुळणारं ब्लाउजपीस, परकर, फॉल घेऊन यायचं, ते दुकान. गाळा एवढा अरुंद की दोन बायका शिरल्या की तिसरीने बाहेर उभं राहून रंग सांगायचा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. माझा वर्गमित्र तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागला होता आणि तिथून खोकी भरभरून जपानी कार्टूनच्या सीड्या आणायचा. कार्टून म्हटलं की लोकांना उंदीर-मांजर आठवतं. ह्यांत उंदीर होते, पण ते शवपेटीवरून पळायचे. चर्चच्या फुटक्या घंटा, धुकं, कावळे, तीनशे वर्षं न मेलेली माणसं आणि रक्त. पुढे वर्गमित्र नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि सगळी खोकी आत्यांच्या गाळ्यात टाकून गेला. फेकून द्यायला आत्यांचा हात धजेना, म्हणून त्यांनी एक लावून बघितली. मग दुसरी लावली. महिनाभरात ब्लाउजपिसांचे दोन कप्पे रिकामे झाले, तिथे सीड्या आल्या आणि दारावर खडूने ओळ आली, ‘भुताचं मॅचिंग करून मिळेल.’

ही थट्टा नव्हती, ते अक्षरशः मॅचिंगच होतं. सीडीचं नाव आत्या कधी सांगत नसत. ती नावं जपानी, खालची अक्षरं इंग्रजी, दोन्हींशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. ‘‘त्ये खालचं लिवल्यालं मी वाचीत न्हाई. तोंडं बघितली की कळतं,’’ असं म्हणायच्या. त्यांनी प्रत्येक सीडीच्या पाकिटाला काळ्या कापडाची एक चिंधी टाचली होती, आणि चिंध्या वेगवेगळ्या काळ्या होत्या. तव्याचा काळा म्हणजे नुसती कापाकापी. काजळाचा काळा म्हणजे डोळ्यांतून पाणी. छत्रीचा काळा म्हणजे उन्हात विटून हिरवट झालेला. दिसायला भयाण, पण मधूनच हसवणारा. आणि सगळ्यांत खोल तो जांभळाचा काळा. त्यात प्रेम असायचं, आणि ते प्रेम कुणाचा तरी जीव घेतल्याशिवाय राहायचं नाही. गिऱ्हाईक आलं की आत्या चिंधी घेऊन उंबऱ्यापर्यंत यायच्या. ‘‘काळा रंग आतल्या ट्यूबलाइटीत बघू न्हाई, फसवतो. उनात धर.’’

कॉलेजची पोरं यायची. एकजण एकदा म्हणाला, ‘‘आत्या, मागची लई आवडली. तसलीच दुसरी द्या.’’

‘‘तसलीच म्हंजी कसली? किल्ला आवडला, का किल्ल्यातली बाई, का त्या बाईचं रडणं?’’

पोरगं लाल झालं. ‘‘रडणं.’’

‘‘मंग सरळ सांग की. तुला जांभूळ लागंल.’’

मंचरचा एक बटाट्याचा आडत्या होता, आवाजाने लिलाव गाजवणारा. त्याला तवा हवा होता तोवर ठीक चाललं. एकदा त्याने हट्टाने जांभूळ मागितला. आत्या म्हणाल्या, ‘‘पावणं, ह्यो तुमाला सोसायचा न्हाई.’’ ऐकलं नाही. पुढच्या आठवड्याला येऊन सीडी दोन बोटांनी धरून गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘आत्या, तीन दिस लिलाव बोलता येईना. भाव पुकारायला तोंड उघडलं की त्ये सावली नसल्यालं पोरगं दिसतंय.’’ आत्यांनी त्याला चहा पाजला आणि छत्रीचा काळा हातात दिला. चढलेला अंमल उतरवायलाही त्यांच्याकडे रंग होता.

सीड्या घरी न्यायची ज्यांची सोय नव्हती त्यांच्यासाठी गाळ्याच्या मागच्या अंगाला टीव्ही होता. खेळ दुपारी बाराला, कारण संध्याकाळी लाइट नसायची. भुतं बघायला जगात रात्र लागते. ओतूरला भारनियमनाचं वेळापत्रक लागायचं. दाराला काळ्या अस्तराचं कापड टांगून आठ-दहा जण दाटीवाटीने बसत आणि आत्या ब्लाउजला हुक लावता लावता मधूनच शेरा मारीत. त्यांचं ह्या पिशाच्चांविषयीचं मत फार चांगलं होतं. ‘‘बघा, बोलावल्याबिगर उंबरा वलांडत न्हाई बिचारं. आमच्या नणंदंला दाखवाया पायजे.’’ सरदार लसणाला घाबरतो हे कळल्यावर म्हणाल्या, ‘‘मंग हिकडं येऊन करतोय काय? अख्ख्या शिवारात लसूण हाय.’’

आता माझं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो भांडायला. आमचं अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारं छोटं मंडळ होतं, पंधरा-वीस पोरं आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त गुरुजी. मंडळाची पत्रकं मी लिहायचो. बाजारपेठेत कोणी बाई पोरांना भुतं दाखवते हे कानावर आलं आणि मी बसल्या बैठकीला पत्रक लिहिलं, ‘भुतांचा बाजार बंद करा!’ एक सीडी बघितली नव्हती. बघायची गरजही वाटली नव्हती. पाचशे प्रती छापून वाटल्या आणि शेवटची आत्यांच्या हातात द्यायला स्वतः गेलो. त्यांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘तुमी ह्यात भूत शब्द सतरा येळा लिवलाय. माझ्या अख्ख्या कप्प्यात एवढी भुतं न्हाईत.’’ मी जाब विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘बसा पत्रकवाले. चिडक्या मान्साला काजळ चालतो.’’

मी बसलो. कसा बसलो हे विचारू नका. दीड तासाने अस्तर बाजूला करून बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यांत गेलं असं सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर वर्षभर मी दर गुरुवारी तिथे असायचो. ओतूरचा बाजार गुरुवारी असतो, तेव्हा मंडळात कुणी विचारलं तर भाजी आणायला गेलो होतो.

तरी मनात खोच होती. मी जे पेरू नका म्हणून गावोगाव ओरडतो तेच ही बाई पेरते आहे का? उत्तर मला आत्यांच्याच एका गिऱ्हाइकाने दिलं. अकरावीतली मुलगी, जांभळाची पक्की. तिच्या आजीला ताप आला, बरळायला लागली, तशी घरच्यांनी भगताला आणलं. भगताने राख फुंकली आणि सांगितलं, म्हातारीत पिशाच्च शिरलंय, उतरवायला लागेल. सगळे हात जोडून उभे. ही पोरगी पुढे झाली आणि म्हणाली, ‘‘महाराज, त्याला आत बोलावलं कुणी?’’

‘‘म्हंजी?’’

‘‘बोलावल्याबिगर त्ये आत येत न्हाई. आमच्यातलं कुणी बोलावलं त्ये सांगा, न्हाईतर तुमच्याबरूबर आलं आसंल.’’

भगताला असला प्रश्न उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. तो राखेकडे बघत राहिला, आणि तो गप्प आहे तेवढ्यात पोरीने चुलत्याला मोटरसायकल काढायला लावून आजीला दवाखान्यात नेलं. टायफॉइड निघाला. म्हातारी वाचली. आता मला सांगा, माझ्या कुठल्या पत्रकाने एवढं केलं? भूत नसतं, भूत नसतं असं मी शंभर वेळा छापलं, त्याने एकही भगत गप्प झाला नाही. भुताचे नियम पाठ असलेल्या एका पोरीने तो एका वाक्यात गप्प केला. ज्यांनी भर दुपारी चहा पीत पिशाच्चं बघितली आहेत, ती माणसं लिंबू-मिरचीला घाबरत नाहीत. हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो, कुणाला काय करायचं ते करा.

मंडळाला हे सांगितलं तर मंडळ हसलं. उलट ठराव झाला, आत्यांच्या सीड्यांची एसटी स्टँडसमोर होळी करायची, आणि पत्रक मी लिहायचं. मी लिहिलं. ‘न बघता जाळणार असाल तर आधी मला जाळा,’ असं लिहिलं, खाली स्वतःचं नाव टाकलं आणि पदरचे पैसे घालून छापलं. गुरुजी संतापून तडक दुकानात आले. मी तिथेच होतो.

‘‘बाई, ह्या मुलाची बुद्धी तुम्ही नासवलीत.’’

आत्यांनी खुर्ची पुसली. ‘‘जाळा की गुर्जी. म्या कुठं न्हाई म्हणते? पर बघितल्याबिगर स्थळसुद्धा कुणी मोडत न्हाई. येक बघा, मंग काडी लावा.’’

गुरुजी मुद्दे टिपायला वही उघडून बसले. पहिली पाच मिनिटं पेन चाललं. मग ते थांबलं. पडद्यावर बर्फातल्या मठाचं दार कुणीतरी बाहेरून वाजवत होतं आणि आतली आंधळी जोगीण कडीवर हात ठेवून उभी होती. तेवढ्यात लाइट गेली, वेळापत्रकाला न विचारता. अंधारात गुरुजींचा आवाज आला, ‘‘मग? उघडते का ती?’’

‘‘आशी गेलेली लाइट पाचबिगर येत न्हाई, गुर्जी. चहा घ्या.’’

गुरुजी पाचपर्यंत बसले. अभ्यास म्हणून बसलो असं म्हणाले. होळीचा ठराव आगीच्या धोक्याचं कारण देऊन रद्द झाला. माझं नाव मंडळातून कमी झालं ते झालंच. बंडखोराला माफ करणं आणि कार्टून आवडणं ह्या गुरुजींच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

आम्ही जिंकलो असं मला वाटलं. पण पंधरा दिवसांनी गाळ्याचा मालक आला. त्याच्या हातात माझं पत्रक होतं. दुसरं नव्हे, पहिलं. ते त्याने लॅमिनेट करून आणलं होतं. त्याला पोराला मोबाइलचं दुकान टाकून द्यायचं होतं हे सगळ्या पेठेला माहीत होतं, फक्त तोंडाने सांगायला कारण नव्हतं. ‘‘वहिनी, गावात चर्चा हाय. हे बघा, छापील हाय. महिनाअखेर गाळा मोकळा करा.’’

मी मध्ये पडलो. म्हणालो, हे मीच लिहिलंय, खोटं लिहिलंय, मी ते मागे घेतो.

तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, ‘‘छापल्यालं मागं कसं घेणार राव?’’

मी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, पोरांना घेऊन त्याच्या दारात बसलो. बटाट्याचा आडत्यासुद्धा येऊन त्याच्या लिलावाच्या आवाजात ओरडून गेला. काही झालं नाही. शेवटच्या दिवशी आत्यांनी सगळ्या सीड्या वाटून टाकल्या, ज्याला जी जुळेल ती, एक-एक उन्हात धरून. मला मान वर करून बघवत नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘‘आरं, तू वाईट लिवलं न्हवतंस. न बघता लिवलं व्हतंस, एवढंच.’’ एवढंच! मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. त्यातली एकही ह्याच्याइतकी लागली नाही.

आता आत्या मंचरला भावाकडे ब्लाउज शिवतात. त्यांचं माहेर धरणात गेलं तेव्हापासून भाऊ मंचरला आहे, हायवेच्या अलीकडे दोन खोल्या. टीव्ही आहे, पण तो भावजयीच्या मालिकांचा. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. सीड्यांचे दिवस सरत आले, मी पुण्यात नेटकॅफेत बसून नवंनवं शोधतो आणि बघून आलेलं त्यांना तोंडी सांगतो. पिशाच्चाचा कोट शिवणाऱ्या बाईची गोष्ट मला हमखास जुळेल असं वाटलं होतं. सुई न थांबवता म्हणाल्या, ‘‘शिवणारी हाय म्हणून माझी व्हय? वरवर बघतोस तू अजून.’’ बाहुल्यांची नाकारली, वेड्या राजाची नाकारली, घुबडांची अर्ध्यात थांबवली. मीही चिवट आहे. सहा वेळा हात हलवत परत आलो आणि सातव्यांदा गेलो.

त्या दिवशी सांगितली ती एका सरदाराची होती. त्याचं गाव, चर्च, स्मशान सगळं तळ्याखाली गेलेलं. तो मरत नाही, म्हणून दरवर्षी काठावर येऊन उभा राहतो. उन्हाळ्यात पाणी उतरतं, भिंती वर येतात, आणि तो चिखलातून एकेका घरासमोर जाऊन त्या घरातल्या माणसांची नावं घेतो.

मशीन थांबलं. आत्यांनी पायडलवरून पाय काढला. बाहेर कांद्याच्या ट्रकांचे हॉर्न चालू होते.

‘‘किती दिस राहतं त्ये गाव वर?’’

‘‘महिनाभर, आत्या. पाऊस लागेपर्यंत.’’

‘‘समदी नावं घेऊन हुत्यात का त्याची?’’

मी नाही म्हणालो. दर वर्षी थोडी राहतात.

त्यांनी मशीनवरचं कापड ओढून घेतलं. मग दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, ‘‘हा माझा हाय. पहिल्यापासनं सांग. सावकाश सांग.’’