केवळराम आणि सारसाचा डोळा

केवळराम हत्तीमारेला मी चांगला ओळखत होतो, असं आमच्या भागातले लोक समजतात. मीही तसंच समजत होतो. आता लिहायला बसलो तर लक्षात येतं की, त्याचं लहानपण कुठे गेलं, फोटो काढायला तो कुणाकडे शिकला, घरी जेवताना तो बोलायचा की गप्प बसायचा, यातलं मला काहीच माहीत नाही. मला नीट माहीत होते ते फक्त त्याचे हात. फिल्म भरणारे, लेन्स पुसणारे. तेवढ्यावरून माणूस कळला असं मी धरून चाललो.

गोंदिया जिल्हा नवा झाला त्या वर्षी त्याने गोरेगावात बाजाराच्या रस्त्यावर स्टुडिओ उघडला. मी तेव्हा जवळच्याच गावी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. चौथीच्या वर्गाचा फोटो काढायला तो आला, तेव्हा मुलांना उभं करण्याआधी त्याने व्हरांड्यातली बादली उचलून आत ठेवली, दोरीवरचं फडकं काढलं, आणि मलाही दंडाला धरून दोन पावलं सरकवलं. म्हणाला, "फोटोत नको ते आधी हटवाचं जी, मंग बटन दाबाचं." लग्नातही त्याचं असंच चाले. नवरीच्या मामालाही तो बिनदिक्कत बाजूला करी. लोक हसत, कुणी रागवत नसे, कारण फोटो स्वच्छ येत.

मी निवृत्त झालो तोवर त्याच्याकडे डिजिटल कॅमेरे आले होते. मला सकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन पक्षी बघायची सवय होती. एकदा मी त्याला सारसांबद्दल सांगितलं. माणसाएवढे उंच, राखाडी, लाल मानेचे, कायम जोडीने हिंडणारे. दुसऱ्याच रविवारी तो मोटरसायकल घेऊन दारात हजर. पुढच्या वर्षी त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला वापरायला दिला, लांब लेन्ससकट. नको नको म्हणत मी तो घेतला. माझ्या हातात इतकी महाग वस्तू त्याआधी कुणी दिली नव्हती.

त्याने मला शिकवलं, हेही खरं आहे. बटण एकदम दाबायचं नाही, अर्धं दाबून थांबायचं. कॅमेरा आपण होऊन फोकस शोधतो, पण त्याला कुठे शोधायचं ते आपण सांगायचं. आत नऊ चौकटी दिसतात, त्यातली मधली एकच चालू ठेवायची आणि ती पक्ष्याच्या डोळ्यावर न्यायची. फोकस लागला की कडेचा हिरवा ठिपका स्थिर राहतो. लागला नाही तर तो लुकलुकत राहतो आणि लेन्स घरघर करत पुढे-मागे धावते. "पक्षी नका धरू, डोळा धरा," तो म्हणायचा. "डोळा साफ आला का पक्षी जिवंत दिसते."

मला ते जमत नव्हतं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरायचा, चौकट डोळ्यावरून घसरून गवतावर जायची. कॅमेरा बिचारा जे आधी समोर येईल ते धरायचा. घरी येऊन बघावं तर गवताची पाती इतकी स्पष्ट की त्यावरचा कोळी दिसावा, आणि मागे सारस म्हणजे राखाडी डाग. केवळराम ते फोटो संगणकावर एकेक पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, गवताचे लय झाले तुमच्याजवळ. कृषी खात्याले पाठवाचे काय?" मी हसायचो. मनात वाटायचं की, आपल्याला या वयात हे येणार नाही.

२०१३ च्या पावसाळ्यात सुखवंताबाई रहांगडाले यांच्या शेतात सारसाच्या जोडीने घरटं केलं. सुखवंताबाईंचा मुलगा भुवनेश्वर माझ्या हाताखाली चौथी शिकलेला. त्यांच्या सासूच्या काळात आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला त्या घरी ओंजळीत पाणी मिळायचं. सुखवंताबाई मात्र मी शेतावर गेलो की घरचा लोटा पुढे करायच्या. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही नाही. पण मी तो लोटा दर वेळी आवर्जून दोन्ही हातांनी घेत असे.

तलावाला लागून असलेल्या त्यांच्या खालच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी साचून राहतं. तिथे एका कोपऱ्यात त्यांनी त्या वर्षी रोवणी केलीच नाही. छातीएवढं गवत वाढलं, त्यात पाण्यावर काडीकचऱ्याचा ढीग रचून जोडी बसली. दोन अंडी. हे त्यांनी गावात कुणाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. अट एवढीच घातली की, धुऱ्यावरूनच, म्हणजे शेताच्या कडेवरूनच, बघायचं, बांधीत पाय टाकायचा नाही आणि कशाला हात लावायचा नाही. मी केवळरामला आणू का, असं विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तुमी आणता त आणा. पन जबान तुमची."

मी जबान दिली. ती देताना मला जरा अभिमानही वाटला, हे इथे लिहून ठेवतो.

आम्ही तीनदा गेलो. धुऱ्यापासून घरटं पन्नासेक पावलांवर होतं, पण मध्ये ते गवत. वाऱ्याने पातं हललं की हिरवा ठिपका लुकलुकायचा. सारस मान वर करायचा, मी बटण अर्धं दाबायचो, लेन्स घरघरत गवतापाशी येऊन थांबायची. हाताने फोकस करावा तर माझ्या डोळ्यांना कळेना. तिसऱ्या खेपेला मला दारात सोडताना केवळराम म्हणाला, "एक त साफ फोटो पाहिजेच तुमाले, गुरुजी." पुढचे दोन दिवस गोंदियाला काम आहे म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पहाटेच तो आला. आम्ही धुऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं आडवं पडलं होतं. त्याने मला नेहमीच्या जागेपासून थोडं डावीकडे बसवलं आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन मागे सरकला. मी चौकट सारसाच्या डोक्यावर नेली. बटण अर्धं दाबलं. लेन्स एकदाच हलली आणि थांबली. हिरवा ठिपका स्थिर झाला. नारिंगी डोळा, मधली काळी बाहुली, त्यात आकाशाचा कण. मी चौदा फोटो काढले, चौदाही साफ आले. मी त्याला म्हणालो, आज माझा हात हलला नाही. तो म्हणाला, "मी म्हणलंच होतं जी, जमते म्हणून."

घरी येईपर्यंत मी दुसराच माणूस होतो. साठी उलटल्यावर एखादी गोष्ट आपल्याला येऊ लागली, हा आनंद कुणाला सांगावा हे मला कळत नव्हतं. केवळरामने त्यातला एक फोटो मोठा करून, फ्रेम घालून आणून दिला. खाली माझं नाव छापलं होतं. मी तो बैठकीत लावला.

पाच दिवसांनी भुवनेश्वर बोलवायला आला. सुखवंताबाई धुऱ्यावर उभ्या होत्या. घरट्यात काही नव्हतं. जोडी लांब दुसऱ्याच्या बांधीत उभी होती, ओरडत नव्हती. रात्री कुत्री आली होती, त्यांच्या पायांच्या खुणा चिखलात उमटल्या होत्या. धुऱ्यापासून थेट घरट्यापर्यंत हातभर रुंदीची सरळ पट्टी होती, आणि त्या पट्टीतलं गवत पाण्यालगत विळ्याने कापलेलं होतं. मी नेहमी बसायचो तिथून ती दिसत नव्हती. थोडं डावीकडे झालं की दिसत होती.

"कुत्र्यायले वाट कोनं करून देल्ली, गुरुजी?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नाही म्हणालो. तेव्हा खरंच मला समजलं नव्हतं, की समजून घ्यायचं नव्हतं, हे आता सांगता येत नाही. मी केवळरामचं नाव घ्यायला गेलो तर त्यांनी हात वर केला. "नाव नका सांगू. आणलं तुमी होतं." लोटा पुढे बांधावर ठेवलेला होता. त्यांनी तो उचलला आणि घराकडे गेल्या.

घरी आलो आणि भिंतीवरची फ्रेम उतरवून वाचायच्या भिंगाखाली धरली. आजवर मी डोळाच पाहत आलो होतो. खाली पाहिलंच नव्हतं. घरट्याच्या पुढे, पाण्यातून वर आलेली देठं होती. तिरकी कापलेली, टोकं ताजी पांढरी. इतकी स्पष्ट की एकेक मोजता यावं.

फ्रेम तशीच पिशवीत घालून मी गोरेगावला गेलो. केवळराम संगणकापुढे बसला होता. मी फ्रेम त्याच्या टेबलावर ठेवली आणि देठांवर बोट ठेवलं. त्याने बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"गवत होय गुरुजी, वापस येते."

"अंडी येतात वापस?"

तो थोडा वेळ माऊस हलवत राहिला. मग म्हणाला, "तुमच्यासाठीच कापलं जी. तीन-तीन खेपा झाल्या, एक बी साफ नाई. पाहवलं नाई मले."

माणसाने आपल्यासाठी वाईट केलं तर रागवायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी वळणार, तेवढ्यात तो, माझा फोटो किती चांगला आहे हे दाखवायला म्हणून, संगणकावर सारसाचे फोटो उघडू लागला. आधी त्याचे आले. तीच पट्टी, तोच डोळा, तेच आडवं ऊन. कोपऱ्यात तारीख होती, माझ्या फोटोच्या आदल्या दिवसाची. गोंदियाला काम होतं तो दिवस. त्याने ते पटकन बंद केले. आम्ही दोघांनीही पाहिले होते.

"ट्राय मारून पायलं," तो म्हणाला. "तुमाले जमन का नाई म्हणून."

खरंही असेल. मी आजही ठरवू शकत नाही. मी कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत पाठवला, फ्रेम माळ्यावर टाकली. जमलं असं वाटलेली ती एक सकाळही त्याने मला दिली नव्हती. लेन्सच्या पुढचं गवत काढलं की कुणाचाही फोटो येतो.

जानेवारीत गोंदियात एक फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. मी जाणार नव्हतो, पण गेलो. केवळरामचा सारस दारातच लावला होता, पहिला क्रमांक. लोक थांबून पाहत होते आणि तो डोळा होताच तसा. मी मात्र खाली वाकून पाहिलं. देठं कुठेच नव्हती. त्याने फोटोची खालची कड कापून टाकून तो घरट्याच्या काडीपासून सुरू केला होता. म्हणजे देठं त्याला दिसली होती, आणि ती दिसू नयेत हेही त्याला कळलं होतं. मग माझ्या फोटोत ती का राहू दिली? मी बघणारच नाही, एवढीच माझी किंमत त्याने धरली होती काय? हे मी त्याला विचारायला हवं होतं. मी भित्रा माणूस आहे, विचारलं नाही.

सुखवंताबाईंच्या खालच्या बांधीत पुढच्या वर्षी रोवणी झाली. भुवनेश्वर रस्त्यात भेटला की अजून नमस्कार करतो. त्यांच्या धुऱ्यावर मी परत गेलो नाही.

केवळराम २०१५ च्या फेब्रुवारीत गेला. छातीत दुखलं, गोंदियाला नेता नेता संपलं, असं बाजारात कळलं. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात मला पेन्शनच्या कागदाला फोटो लागत होता. गोरेगावातला दुसरा स्टुडिओ त्या दिवशी बंद होता, म्हणून त्याच्याकडे गेलो. जणू काही झालंच नाही अशा थाटात त्याने मला स्टुलावर बसवलं, माझ्या मांडीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली, कॉलर सरळ केली, दोन बोटांनी हनुवटी वर केली. मग मागे गेला आणि कॅमेरा माझ्या डोळ्यावर धरला.

"हालू नका जी."

"नाही हलत."

"झालं. उद्या न्या."

"उद्या नाही जमायचं. बाजाराच्या दिवशी येतो."

"बरं जी. तवा न्या."