बर्फीचं अंथरूण

किश्शांचं बी लिदीसारखंच असतं बघा. एक दिवस उचलायची राहिली की ढीग लागतो, आन् रोज उचलून टाकली तरी सकाळी परत ताजी हजर! माझं लग्न जालन्यातल्या घोडेवाल्याच्या घरात झालं. मस्तगडच्या मागं आमचा पत्र्याचा तबेला, त्यात वरातीची पांढरीशुभ्र घोडी, बर्फी. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली: घोडी ह्यांची, लीद माझी.

म्हणून हे किस्से मीच सांगायचे. ह्यांना विचाराल तर म्हणतील, "कुठं काय झालं?"

*

सुरुवात ह्यांच्याच डोक्यातून झाली. तबेल्यात शहाबादी फरशी टाकून घेतली. म्हणले, "तुझे कष्ट वाचले! पाईप मारला की काम खलास. अंथरुणाचा खर्चाच न्हाई!" मी बी खूश झाले, खोटं कशाला बोलू?

महिनाभरानं परतूरला वरात होती. बँड जोरात, पोरं नाचून राह्यलेली, आन् बर्फीचे डोळे मिटलेले. मान खाली, खाली... आन् एकदम पुढचे दोन्ही गुडघे टेकले! नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून लोंबकळला. बाया ओरडल्या. हे मात्र हात जोडून म्हणले, "घाबरू नका, ट्रेनिंग दिलेली हाय. नवरीच्या दाराला नमस्कार करून राह्यली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर ह्यांना टॉवेल-टोपी बी केली!

घरी आल्यावर मी तिचे सोललेले गुडघे बघितले आन् जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणले, घोडं उभ्या उभ्या डुलकी काढतं, पण खऱ्या झोपेला त्याला रोज थोडा वेळ तरी आडवं व्हावं लागतं. टणक, निसरड्या फरशीवर ही आडवी झालीच न्हाई. "मऊ, कोरडं अंथरूण करा. न्हाई तर एक दिवस नवरदेवासकट पडेल. पाय मोडला तर मंग माझ्याकडं इलाज न्हाई."

त्या दिवसापासून माझी बी झोप उडाली. ह्यांना बजावलं, घेतलेल्या सुपाऱ्या करा, नवीन एक बी घ्यायची न्हाई. बर्फी झोपली पाहिजे, बस.

*

पहिल्यांदा कडबा अंथरला. टेंभुर्णीहून माझ्या भावानं ज्वारीच्या पेंढ्या आणून टाकल्या. मी बारीक तोडून, झटकून, चांगला गुडघाभर थर केला. सकाळी जाऊन बघते तर फरशी चकचकीत! झाडून काढल्यासारखी!

शेजारच्या तबेल्यातले सलीमभाई आयुष्यभर घोड्यांतच राहिलेले. ते आत डोकावले, बर्फीचं पोट बघितलं आन् म्हणले, "भाभी, तुम्ही पलंग न्हाई टाकला. जेवायचा दस्तरखान टाकला!"

*

मंग हे एका जिनिंगवरून खराब कापूस घेऊन आले, गोणीच्या गोणी. "माणसं कापसावर झोपतात, घोडीला काय धाड भरली?"

कापूस खाली ओला होऊन गोळा होई आन् वर हिच्या अंगाला चिकटे. शेपटीला चिकटला, आयाळीला चिकटला, कानात गेला. त्याच दिवशी जाफराबादचं एक गिऱ्हाईक सुपारी दिलेली घोडी बघायला आलं. तिच्याभोवती एकदा फिरून आलं. मंग ह्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणलं, "मालक, मेंढरू झ्याक हाय. घोडी कुठं हाय?"

*

आरा मशीनवाल्यानं लाकडाचा भुसा फुकट दिला. मऊ, कोरडा, घोडी खाईना, उचलायला सोपा. मला वाटलं, देव पावला! पण लाकूड होतं तांबडं. दोन दिवसांत ओल लागून रंग सुटला आन् बर्फी अंग खाजवायला एकदाच लोळली ती एका बाजूनं गुलाबी होऊनच उठली. घासली, धुतली, टाल्कम पावडरचा डबा रिकामा केला. काही उपयोग न्हाई. दुपारी वरात!

ह्यांनी सरळ दुसरी बाजू बी त्याच भुशात लोळवून-चोळून गुलाबी केली. म्हणले, "आर्धी गुलाबी म्हणजे चूक. पूर्ण गुलाबी म्हणजे फॅशन!"

मी घरात तोंड लपवून बसले. संध्याकाळी फोन सुरू. "आमच्याकडं बी लग्न हाय. पांढरी नको, ती गुलाबीवालीच पाठवा!"

*

मंग पॅकिंगच्या खोक्यांच्या पांढऱ्या लाकडाचा भुसा मिळाला. सलीमभाईंनी पद्धत शिकवली: सगळं रोज उपसायचं न्हाई. लीद आन् ओलं तेवढं काढा, वरून चार मुठी कोरडं टाका. कमी मेहनत, कमी खर्चा.

त्याच आठवड्यात मी दोन हप्ते माहेरी गेल्ते. काम ह्यांच्याकडं. ह्यांनी त्यातलं "वरून टाका" तेवढं ध्यानात ठेवलं, तेही चार मुठी न्हाई, चार गोण्या! रोज टाकून राह्यले, काढायचं नावच न्हाई. फोनवर मला म्हणत, "खुराक लागलाय बर्फीला. दिवसेंदिवस उंच होऊन राह्यली!"

मी आले तेव्हा तिचे कान पत्र्याला टेकले होते.

*

ते सगळं उपसलं. मी तीन दिवस, सलीमभाईंची दोन माणसं तीन दिवस. फरशीवर भंगारातला जाड रबरी पट्टा अंथरला, त्यावर पांढरा भुसा. डॉक्टरांनी हात दाबून बघितलं. "बिलकुल बराबर. आता झोपेल." पण ती झोपेना! वास घ्यायची, एक पाय पुढं टाकायची, परत मागं. तिला भरोसाच उरला न्हाई.

तेव्हा हे म्हणले, "तिला माहीतच न्हाई कसं झोपायचं. दाखवावं लागतंय." आन् भर दुपारी स्वतः जाऊन आडवे झाले! "बघ बर्फे, असं... पाय असे दुमडायचे... मान अशी..." आन् घोरायला लागले. बर्फी दोन तास त्यांच्या उशाशी उभी, शेपटीनं त्यांच्या माशा हाकलीत.

सलीमभाईंनी बघितलं. "अंथरूण एक नंबर हाय भाभी. पेशंट चुकला."

हसले मी, पण आत जाऊन रडले बी. कारण परवाची शेवटची सुपारी तेवढी राहिली होती, आन् तिचे गुडघे आता चालतानाच थरथरत होते. सलीमभाईंची जनावरं बी त्या दिवशी वरातींना लागलेली. ह्यांनी शब्द दिलेला. मी म्हणलं, मारुतीपासून मांडवापर्यंतच, आन् मी बरोबर येणार.

*

सकाळचं लग्न होतं. पूर्ण रस्ता मी तिच्या पुढच्या पायांकडं बघत चालले. नवरदेव खाली उतरला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हे पाणी प्यायला गेले, मी खोगिरावरची चादर घडी करून राह्यले, आन् लगाम कधी सुटला कळलंच न्हाई.

वळून बघते तर बर्फी मांडवात! म्हाताऱ्या माणसांसाठी गाद्या, पांढऱ्या चादरी, लोड लावलेले. तिनं गादीचा वास घेतला. एक चक्कर मारली. गुडघे वाकले. मी किंचाळले, "गेली!"

गेली न्हाई. झोपली! पाय पसरून, लोडावर डोकं ठेवून. बारा-पंधरा म्हातारे पटापट उठून उभे. मांडववाला शिव्या देत आला. नवरीचा बाप, ह्या एवढ्या मिशा, काठी घेऊन धावला. मी मधी पडले. हात जोडले. "दादा, लई दिवस झाले, लेकरू झोपलं न्हाई हो!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. तिचे ओठ झोपेत हलून राह्यलेले. त्यानं काठी खाली ठेवली, मागं वळला आन् दबक्या आवाजात म्हणला, "बँड बंद करा. माईक काढा."

गुरुजींनी मंगलाष्टकं कुजबुजत म्हणली. शेवटी "सावधान" तर फक्त ओठांनी! साताठशे माणूस, पण अक्षता पडल्याचा आवाज ऐकू येत होता. ताशेवाल्यानं सवयीनं काडी उचलली, तर खुद्द नवरीनं हार हातात धरूनच त्याच्याकडं बघून डोळे वटारले.

मंग तो बाप चपला हातात घेऊन माझ्याजवळ आला. लेकीचं लग्न लागलेलं, डोळे भरलेले. घोडीच्या उशाशी मांडी घालून बसला, फेट्याचा शेमला सोडला आन् तिच्या तोंडावरच्या माशा वारायला लागला.

मला म्हणला, "ताई, तुम्ही बी पडा जरा. मी हाय इथं."