पहिल्याला दुसऱ्याची साक्ष

पुण्यात दुसरे काही नसते. पहिले दुकान, पहिला छापखाना, पहिली शिकवणी. नाहीतर मग एकमेव. अशा गावात सुनीती वर्तक यांनी निवृत्तीनंतर 'पहिले' तपासण्याचा छंद लावून घ्यावा, हे प्रकृतीला बरे नव्हते. बाईंनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवले. उत्तर बरोबर असले तरी रीत दाखवल्याशिवाय गुण दिले नाहीत. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत लोक 'पाणी आलं' एवढेही त्यांच्यासमोर जपून सांगतात.

पेठेतल्या नागरिक मंडळाने जुन्या दुकानांवर माहितीच्या पाट्या लावायचे ठरवले, तेव्हा मजकूर तपासण्याचे काम साहजिकच बाईंकडे गेले. त्यांची हरकत नसेल तरच पाटी, असा ठराव झाला. पहिली मागणी माधवराव खांबेट्यांची. त्यांच्या उपाहारगृहावर त्यांना एकच ओळ हवी होती : 'या पेठेतले पहिले शाकाहारी उपाहारगृह'. घाईही होती. वडील बाबुराव अठ्ठ्याऐंशीचे झालेले, अलीकडे दोनदा दवाखान्यात राहून आलेले. त्यांनी दसऱ्याला गल्ल्यावर बसून ती पाटी बघावी, एवढीच मुलाची इच्छा, आणि दसरा तोंडावर आला होता.

पुरावा म्हणून माधवरावांनी सांगितले, की एक फार थोर पुढारी आमच्याकडे चहाला यायचे. बाईंनी ऐकून घेतले. हेच पुढारी याआधी आणखी पाच हॉटेलांत चहा प्यायल्याचे त्यांच्या कानावर आलेले होते. एवढा चहा पिऊन माणसाला चळवळीला वेळ कसा उरला, हे गणित त्यांना सुटलेले नव्हते. पेठेतल्या जुन्या घरांतून विचारावे, तर सगळीकडे एकच उत्तर : आमचे आजोबा हॉटेलची पायरीसुद्धा चढले नाहीत. बाहेर खाणे तेव्हा अब्रूचे नव्हते. कोणाचेच आजोबा गेले नाहीत आणि हॉटेल मात्र शंभर वर्षे चालले, याचे बाईंना कुतूहल वाटले.

मग त्यांनी आपली रीत काढली. माधवरावांना विचारले, "दुसरं कोणाचं होतं?"

"दुसऱ्याशी आमचा काय संबंध?"

"तुमचं पहिलं होतं, हे त्यालाच माहीत असणार. घरच्यांचं कौतुक मी धरत नाही. समोरचा शिव्या देतो त्या नेमक्या असतात."

दुसरे रिसबुडांचे होते. ते बंद पडून कैक वर्षे झाली. पण त्या घरातल्या राधाबाई नव्वदी ओलांडून धायरीला नातवाकडे, बाराव्या मजल्यावर ठणठणीत आहेत असे कळले. बाई बस बदलून पोचल्या. चहा झाला, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी झाली. खांबेट्यांचे नाव काढताच राधाबाई ताठ बसल्या. त्यांचे आजोबा रोज अंघोळीनंतर, स्तोत्र म्हणावे तशा, खांबेट्यांना शिव्या देत. मेल्याने आमच्याआधी हॉटेल काढले आणि गिऱ्हाईक बांधून घेतले, ही त्यातली मुख्य. बाईंचे समाधान झाले. वैऱ्यानेच साक्ष दिली, 'पहिले' सिद्ध. त्या उठणार, एवढ्यात राधाबाई म्हणाल्या, "आणि आम्ही पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' का लिहिलं, ते नाही विचारलंत?"

बाई पुन्हा बसल्या.

खांबेट्यांकडे मागच्या बोळातून एक दार होते. त्या दाराने येणाऱ्याला आम्लेट मिळे. गिऱ्हाईक सगळे सोवळ्यातल्या घरांतले, आणि सगळ्यांना डॉक्टरांनीच सांगितलेले. पुढे पोहे खाणारा मागून आलेल्याला ओळख देत नसे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मागून येई. त्याला टोमणा म्हणून रिसबुडांनी ते दोन शब्द रंगवून घेतले होते.

परतीच्या बसमध्ये बाईंनी मांडणी केली. खांबेट्यांचे पहिले, पण शाकाहारी नव्हे. रिसबुडांचे शाकाहारी, पण पहिले नव्हे. वैऱ्याची साक्ष सोयीपुरती अर्धी घेऊन अर्धी टाकायची, हे कोणत्याच रीतीत बसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी गल्ल्याशी उभे राहून त्यांनी माधवरावांना शांतपणे सांगितले, की दोन शब्दांपैकी एक निवडा. माधवरावांचा चेहरा उतरला. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद असतो, रिसबूड जन्माचे जळके, असे बरेच बोलून झाले. शेवटी आवाज खाली आणून ते म्हणाले, की बाई, दादांच्या कानावर हे गेलं तर ते दसरा बघायचे नाहीत.

दादा, म्हणजे बाबुराव, मागेच भिंतीशी खुर्चीत होते. कान उत्तम होते.

"अंडी मीच आणायचो," बाबुराव म्हणाले. "शाळेच्या दप्तरातून. बोळात कोणाला दिसू नयेत म्हणून. शाकाहारी लिही असं तुला कोणी सांगितलं होतं रे?"

माधवराव गल्ल्याकडे वळले. बाईंनी मात्र स्टूल ओढले. पाटीचे काय व्हायचे ते होवो. त्यांना आता पुढचे हवे होते.

"मग बंद कधी झालं?"

"मी चौथीत होतो तेव्हा. एक दिवस आमची आई मागच्या दारानं आली."

"खायला?"

"छे हो. दप्तर घेऊन. यात चिकट काय सांडलंय, ते वडलांना विचारायला."

त्या दिवसापासून त्या दारामागे कोळशाची पोती ठेवली जाऊ लागली, असे बाबुरावांनी सांगितले. बाईंनी चौथीचे वर्ष मनात काढले, त्यांच्याकडून पक्के करून घेतले आणि हरकत मागे घेतली.

दसऱ्याला झेंडूचे तोरण बांधून पाटी लागली : 'या पेठेतले पहिले उपाहारगृह. १९४६ पासून शाकाहारी.' बाबुरावांनी गल्ल्यावर बसून ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि अक्षर बरे आहे म्हणाले. खांबेट्यांच्या घरात याला कौतुक म्हणतात.

आता रोज कोणीतरी विचारतेच, की सेहेचाळीसच्या आधी काय होते. माधवराव सुट्टे मोजत राहतात, मान वर करत नाहीत. बाबुराव मात्र त्या माणसाला खुर्ची जवळ ओढायला सांगतात.