हलकी क्रूझर

आमचे हे, पद्माकर, सिंगापुरात तुआसच्या शिपयार्डात बॉयलर फोरमन. वीस वर्षं बॉयलरच्या पोटात शिरून गळती शोधली, आणि सुटीच्या दिवशी विरंगुळा काय, तर दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या जपानी क्रूझर, म्हणजे लढाऊ जहाजं! तोआ पायोहच्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलावर सगळे नकाशे आणि वह्या. ताटं आपली मांडीवर. कंटाळले होते मी, खोटं कशाला बोलू?

त्यांची लाडकी किटाकामी. कुणी विचारो न विचारो, रेकॉर्ड सुरू व्हायची. "हलकी क्रूझर. साडेपाच हजार टन, चिलखत पातळ, धुराडी तीन, पण पळायला वारा! छोट्या विनाशिकांच्या तांड्यापुढे राहून त्यांना वाट दाखवायची, हे तिचं काम."

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बजावलं, बॉयलरमध्ये शिरणं बंद. यार्डाने पत्र दिलं, दुरुस्तीच्या ड्रॉइंग ऑफिसात 'लाइट ड्युटी'. सोमवारी सही करून द्या, नाहीतर इथे राहायचा, कामाचा पास वाढणार नाही. म्हणजे गाशा गुंडाळा आणि पुण्याला चला. आमच्या ईशाची ओ-लेव्हलची, म्हणजे दहावीची परीक्षा चार महिन्यांवर आलेली.

यांनी पत्र टेबलावर आपटलं. "हलकं काम! मला हलक्या कामाला लावतात? उद्या हातात झाडू देतील!"

"बाबा, लाइट म्हणजे नॉट टायरिंग, लाह," ईशा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

ऐकतंय कोण! पत्र इंग्रजीत होतं, यांनी वाचलं मराठीत.

रविवार दुपारपर्यंत समजावून समजावून माझा घसा बसला. रडायचंही त्राण नव्हतं. शेवटी तोंडातून निघून गेलं, "तुमची किटाकामीसुद्धा हलकीच ना? मग ती काय हलक्या कुळातली?"

"काहीतरी बरळू नकोस. हलकी म्हणजे वजनाला."

"बरं. शेवटी काय झालं तिचं?"

विषय जहाजाचा, त्यामुळे ते बोलायला लागले. "चव्वेचाळीसला टॉर्पेडो लागले. इथेच सिंगापूरला आणून डागडुजी केली. पुढे तोफा उतरवल्या, अर्धी इंजिनं काढली. पळणं संपलं. लढाईनंतर कागोशिमाला बांधून ठेवली. परदेशात अडकलेल्या माणसांना घरी आणणारी जहाजं तिच्याकडे यायची, दुरु..."

तिथे ते थांबले.

"दुरुस्तीला," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "पेन दे."

सही करता करता म्हणाले, "वजनाला हलकी हं, मधुवंती."

"हो हो, वजनाला," मी म्हटलं आणि मला एकदम रडू फुटलं.

नंतर लवकरच तिला भंगारात काढलं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या वहीत मी ते कधीच वाचलं होतं. मी वह्या उचलल्या आणि टेबलावर ताटं मांडली.