गुरुप्रसादचा रुंद पडदा

आमच्या गुरुप्रसादने सिनेमाची नवी तऱ्हा शोधून काढली, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुमचं काही चुकलं नाही. देवरुखातही कोणाला ठाऊक नाही, आणि देवरुख आमच्यापासून किती लांब? त्या शोधाचं गुरूला विचारा, तो सांगतच राहील. फक्त जेवणवेळेला विचारू नका, कालवण थंड होतं.

मी त्याची चुलत काकी. शेंबडा होता तेव्हापासून बघत्येय, तेव्हा बोलायचा हक्क आहे. मुंबईत हा एका थेटरात मशीन चालवायचा. थेटर बंद पडलं तेव्हा बाकीच्यांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. ह्या शहाण्याने आणलंन काय? एक भिंग. पितळी, असोल्या नारळाएवढं, वजनाला त्याहून जड. नम्रता, म्हणजे त्याची बायको, एसटी स्टँडवर न्यायला गेली तर हा तान्ह्या पोरासारखं भिंग छातीशी धरून उतरला. कपड्यांची बॅग गाडीतून पुढे गेली.

भिंगाची करामत अशी. मोबाईलपुढे लावलं की रुंद देखावा दोन्ही बाजूंनी दाबून आत घेतं. माणसं पडवळासारखी लांबुडकी दिसतात. मग दाखवताना तेच भिंग प्रोजेक्टरपुढे लावायचं, की दाबलेलं सगळं पसरतं, माणसं होती तशी होतात आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरतो. परदेशात हे शंभरेक वर्षांमागे एका प्रोफेसराने केलं म्हणे. भिंग त्याचं, पण ते कित्येक वर्षं तसंच पडून राहिलं, मग एका सिनेमा कंपनीने उचललं आणि गाजावाजा झाला कंपनीचा. गुरू हे इतक्यांदा सांगतो, की त्या प्रोफेसराचं श्राद्ध आमच्याकडे घालायचं तेवढं राहिलंय.

पण नुसतं भिंग हवेत उभं राहत नाही. त्याला मापाची घोडी लागते. ती केलीन रघूने. रघूचं तिठ्यावर वेल्डिंगचं दुकान, गेट आणि ग्रिलं करतो. पावसाळाभर दोघांची खटपट चालली होती. खटपट म्हणजे काय, गुरू बोलायचा आणि रघू ठोकायचा. भिंग तपासायला मोबाईलसमोर दारातली कोंबडी सोडायचे.

"कोंबडी रुंद आली पायजे, रघू!"

"कोंबडी रुंदच हाय. तुझं भिंग तिला उभी करतंय."

शेवटी भिंग घोडीत असं बसलं की निघेना. रघूने वर वेल्डिंगचे दोन टाके मारलेन, आता भूकंप झाला तरी हलायचं नाही म्हणाला.

आता गावाला ह्याचा उपयोग काय? जगाने रुंद पडदा काढला तो वाळवंटं आणि लढाया दाखवायला. आमच्या गावाला तो हवा होता भांडण मावायला.

शिमग्यात पालखी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा देवीचा चौथरा. तिच्या डावीकडे वरची वाडी, उजवीकडे खालची, प्रत्येक मानकऱ्याची जागा वाडवडिलांपासून ठरलेली. फोटोत मावायला कोणी वीतभर आत सरकेल? छे! सरकला म्हणजे दुसऱ्याच्या मानावर पाय दिला. मागे सरून फोटो काढावा तर लगेच गडगा, दगडी कुंपण. दरवर्षी व्हिडिओत कडेचं एखादं घर कापलं जातं आणि पुढचा शिमगा येईपर्यंत मोबाईलवर शिव्या चालतात. ड्रोनवाला आणून पाहिला, तर नुसती टकलं आली.

आप्पा आमचे गावकर, गावचे मुख्य मानकरी. पोट असं, की पालखीला वाट द्यायची तर आधी ते बाजूला करावं लागतं. ते गुरूला म्हणाले, "दोनी वाड्या एकसाथ दाखवलंस, तर सहाणेवर तुझ्या नावाने नारळ. मान कायमचा."

झालं, गुरूची झोप उडाली. कारण भावकीत त्याचंच एक घर बिनमानाचं. त्याच्या आजाकडे पालखीवर अबदागीर धरायचा मान होता, पण ऐन पालखीच्या दिवशी म्हातारा सासुरवाडीला बारशाचं जेवायला गेला आणि मान गेला. तेव्हापासून शिमग्यात नावं पुकारतात तेव्हा गुरू मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसतो. ते बघून मलासुद्धा वाईट वाटायचं. थोडंसं.

पालखी सहाणेवर बसल्या दिवशी चित्रण झालं. झकास झालं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला देवळापुढे दाखवायचं ठरलं. पोफळीच्या दोन खांबांना मांडववाल्याचं पांढरं कापड ताणलं, शाळेतला प्रोजेक्टर आणला, नम्रताचा लॅपटॉप जोडला. आणि सुरुवातीची पाटी बघून रघू थांबला. पाटीवर लिहिलेलं, 'गुरुस्कोप'.

"आणि घोडी काय तुझ्या प्रोफेसराने केलीन?" रघू म्हणाला.

"कल्पना माझी. तू लोखंड जोडलंस."

"मेल्या, दोघांची नावं घाल," मी म्हटलं.

"काकी, शोधकाच्या शेजारी वेल्डरचं नाव कोणी लावतं काय?"

"रघू, तू तरी कशाला रुसतोस? नाव काय खायचंय?"

"खायचं नाय काकी, पण गिळवत बी नाय," म्हणाला. घोडी उचललीन भिंगासकट आणि टेम्पोत टाकून गेला. एक शोधक, दुसरा महाशोधक, आणि अक्कल दोघांत मिळून त्या कोंबडीएवढी.

इकडे गाव जमलेलं. गुरूचं तोंड खोबऱ्यासारखं पांढरं. भिंगाशिवायच सुरू करावं लागलं.

एवढ्या रुंद कापडावर मधेच चौकोन पडला, दोन्ही बाजूंना पांढरं रिकामं. चौकोनात दोन्ही वाड्या होत्या, एकही घर कापलेलं नाही. पण सगळे सुतळीसारखे! मानकरी बारीक, ढोल बारीक, तोंडं हातभर लांब. देवीची रुपं, म्हणजे पालखीतले मुखवटे, तीसुद्धा उपाशी असल्यासारखी ओढलेली. मी डोळ्याला पदर लावला. हसू आवरत नव्हतं.

"हा पालखीशी उभा तो कोण रे?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, तुमीच," मागून कोणीतरी म्हणालं.

आप्पा उठून पडद्याजवळ गेले. "माझं पोट खय... कुठं गेलं?"

यमुनाबाई, त्यांची बायको, म्हणाली, "अगो बाय! लग्नात पण असे नव्हते हो हे!"

मग काय विचारता! बायका आपापल्या कंबरा शोधायला लागल्या. मुंबईचे चाकरमानी पडद्याचे फोटो काढून मुंबईला पाठवायला लागले. देवीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

नम्रता हळूच म्हणाली, "अहो, लॅपटॉपवर ताणता येतं. एकच बटण आहे. रुंद होईल सगळं."

बटणाने ताणणं म्हणजे फसवणूक, असं गुरू वर्षभर सांगत आला होता. पण आता बटणाकडे बघितलंन. पावसाळाभराची खटपट, ते भिंग, ते रुंद स्वप्न, सगळं एका बोटाच्या अंतरावर. मी म्हटलं, दाब रे, एकदा तरी दाखव लोकांना.

तेवढ्यात आप्पा वळले. "गुरू! दोनी वाड्या मावल्या, आणि वर सगळ्यांना बारीक केलंस. हे असं मुद्दाम केलंस काय रे?"

गुरूने नम्रताचा हात लॅपटॉपवरून बाजूला केलान.

"होय आप्पा. मुद्दामच."

दुसऱ्या दिवशी सहाणेवर त्याचं नाव पुकारलं. गुलाल लावला, नारळ फोडला. हा असा ताठ, जणू कालच्या पडद्यातूनच उतरलाय.

आणि रघू आला. खांद्यावर घोडी, तिच्यात भिंग. रात्रभर झोपला नव्हता हे डोळ्यांवरून कळत होतं. सगळ्यांदेखत म्हणाला, "गुरू, चुकलो. नाव नको मला. आज तरी रुंद दाखव. बघूदे लोकांना आपण काय केलं ते."

आप्पांच्या कपाळाला आठी पडली. "रुंद? म्हणजे आमी परत होतो तसे?"

गुरूने आप्पांकडे बघितलंन, हातातल्या मानाच्या नारळाच्या वाटीकडे बघितलंन. मग रघूला म्हणाला, "रुंद कसलं रे? असलं काही आपण केलंच नाय."

रघूने घोडी गडग्याला टेकवलीन, आणि त्याची पाळी होती म्हणून पालखीला खांदा द्यायला गेला. ढोल वाजला. गुरू प्रसाद वाटत माझ्यापाशी आला. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवताना वर बघेना. पुन्हा चपलेचा अंगठाच बघत होता मेला.